आधी स्टॉपर, मग चावी



गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरची जीप डावीची उजवी झाली. म्हणजे तिचं स्टिअरिंग डाव्या बाजूचं उजव्या बाजूला आलं. खर्च किती झाला, मिस्त्री कोण, आता चालते कशी, असं जो तो विचारतो. चावीचं काय केलं, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं. त्याची किंमत मोजायची वेळ थोडक्यात टळली, म्हणून या महिन्याचं पान त्या चावीसाठी.

जीप अब्बांची. महिंद्राची, 1988 ची, प्यूजो डिझेल इंजिनाची. काटोलच्या बाजूला आमचा थोडा संत्र्याचा बगीचा आहे. तिथून माल कळमन्याच्या बाजारात आणायला अब्बांनी ती जुनी घेतली होती. मागच्या फळीवर पिवळ्या रंगात लिहिलेलं होतं, ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’. त्या काळी विदर्भात कुठल्याही रस्त्यावर उभं राहिलं तर दर थोड्या वेळाने अशी पाटी मिरवणारी जीप जायची. नव्या पिढीला नवल वाटतं की आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डावीकडून चालतात, मग या गाडीचं चाक डावीकडे कसं?

याचं मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. अमेरिकेत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून चालक डावीकडे बसतो. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी युद्धकाळात सुमारे 6 लाख 40 हजार जीप बनवल्या, त्या सगळ्या डाव्या हाताच्या. युद्ध संपल्यावर लष्कराने नको झालेल्या जीप विकून टाकल्या आणि त्या शेतात, जंगलखात्यात, ठेकेदारांकडे गेल्या. पुढे मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात झाली. ते काम करणारी कंपनी 1945 साली लुधियान्यात स्थापन झाली तेव्हा तिचं नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होतं. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मुहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे 1948 साली पाटीवरचं ‘मोहम्मद’ जाऊन दुसरं ‘महिंद्रा’ आलं. पाटी बदलली, तरी जीपचं चाक पुढे कित्येक वर्षं डावीकडेच राहिलं.

डाव्या चाकाची खरी अडचण ओव्हरटेक करताना. पुढे ट्रक असला की चालकाला समोरून येणारं काही दिसत नाही, कारण तो रस्त्याच्या कडेला बसलेला. पाहायचं तर उजवीकडे बसलेल्याने. आमच्याकडे ते काम आळीपाळीने आम्हा भावंडांचं असायचं. अम्मी सोबत असली की तिचं. अब्बा विचारायचे, “बघ, मोकळा आहे का?” आम्ही मान बाहेर काढून सांगायचो, “थांबा, बस येतेय.” मग, “चला.” दहा-बारा वर्षांच्या पोराच्या एका शब्दावर सगळं घर ट्रकच्या पुढे जायचं. आज आठवलं की अंगावर काटा येतो.

अब्बांच्या इंतकालनंतर जीप दोन वर्षं शेडमध्ये उभी होती. विकायला कोणाचंच मन होईना. पुतण्याला लायसन्स मिळालं आणि त्याने हट्ट धरला की बगीचा मी पाहीन, पण जीप उजवी करून द्या. आम्हाला ते पटलं.

इथे कायद्याचं थोडं सांगून टाकतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. डाव्या हाताची गाडी चालवणं हा गुन्हा नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 120 प्रमाणे अशा गाडीला ठरवून दिलेलं इशारा देणारं साधन हवं आणि ते चालू स्थितीत हवं, एवढीच अट आहे. उलट गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करणं हे कलम 52 च्या विरुद्ध जातं. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून आम्ही आधी आरटीओला लेखी विचारलं, लेखी उत्तर येईपर्यंत गाडी हलवली नाही, विमा कंपनीलाही कळवलं. आणखी एक गोष्ट. तुमची गाडी 50 वर्षांच्या वरची असेल तर तिला हात लावण्याआधी दोनदा विचार करा. 2021 च्या नियमांनी अशा गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी सुरू केली आहे, पण त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. लष्करातून आलेल्या जुन्या जीपचं डावं चाक ही तिची ओळख आहे. ती तशीच राहू द्यावी.

आमच्या जीपचं काम एका गॅरेजला दिलं. मोठी कामं त्यांनी नीट केली. डाव्या गाडीचं स्टिअरिंग बॉक्स पालथं करून उजवीकडे बसवलं तर चाक उजवीकडे फिरवल्यावर गाडी डावीकडे जाते. हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून उजव्या हाताचं बॉक्स आणलं. क्लच, ब्रेक, रेस यांचे पाय उजवीकडे नेले. गिअरची दांडी मधेच असते, तिला हलवायचं कारण नव्हतं. चाक हलकं फिरत होतं, ब्रेक एका पायात लागत होते. आम्ही खूश होऊन गाडी घेऊन आलो.

कुलपाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

स्टिअरिंगचं कुलूप कसं चालतं ते आधी पाहू. कॉलम म्हणजे बाहेर एक नळी आणि आत फिरणारा दांडा. नळीला एक भोक असतं आणि आतल्या दांड्याला त्याच रेषेत खाच. कुलपात एक लोखंडी जीभ असते. चावी असेपर्यंत ती मागे अडकलेली राहते. चावी बंद करून बाहेर काढली की स्प्रिंग तिला पुढे ढकलते, चाक थोडं फिरलं की ती खाचेत जाऊन बसते आणि चाक जाम होतं. चोराने तारा जोडून इंजिन सुरू केलं तरी गाडी वळवता येत नाही. पश्चिम जर्मनीने हे कुलूप 1960 च्या दशकाच्या सुरुवातीलाच सक्तीचं केलं. अमेरिकेत जनरल मोटर्सने ते 1969 च्या मॉडेलपासून आपल्या गाड्यांना लावलं. त्याआधी लोक काय करत? जे अब्बा कुलूप असूनही रात्री करायचे तेच. चाकाच्या आऱ्यातून साखळी घालून क्लचच्या पायाला बांधायची.

उभ्या गाडीत हे कुलूप राखणदार आहे. चालत्या गाडीत तेच कुलूप लागलं तर चालकाच्या हातात काही उरत नाही.

आमच्या जीपला चावी कॉलमच्या उजव्या अंगाला होती. चाक डावीकडे असताना ती बाजू गाडीच्या मधल्या बाजूला, डोळ्यांसमोर येते. मिस्त्रीने कॉलम जसाच्या तसा उचलून उजवीकडे लावला. त्यामुळे चावी दाराकडे, गुडघ्याजवळ गेली. दिसेना, पण हाताला सहज लागे. आणि आणखी एक गोष्ट राहून गेली. जुन्या डिझेल गाडीत चावी फिरवून इंजिन बंद होत नाही. पेट्रोलच्या इंजिनाला जळायला ठिणगी लागते, चावीने ती तोडता येते. डिझेल दाबानेच पेटतं, ते थांबवायचं तर त्याचा पुरवठा तोडावा लागतो. त्यासाठी डॅशबोर्डवर ओढायची एक मूठ असते, तिला आपण स्टॉपर म्हणतो. आमचा स्टॉपर होता तिथेच, डाव्या टोकाला राहिला. चालक उजवीकडे आणि स्टॉपर बाजूला बसणाऱ्याच्या गुडघ्यापाशी!

पुतण्या स्कूटर आणि पेट्रोलच्या कारवर शिकलेला. चावी बंद म्हणजे गाडी बंद, एवढंच त्याच्या हाताला माहीत. बगीच्यातल्या घरापासून खाली विहिरीकडे उतार आहे. तो न्यूट्रलमध्ये हळूहळू उतरत होता, सावलीत थांबायचं म्हणून त्याने चावी बंद केली. इंजिन धडधडतच राहिलं. गाडी चालूच आहे असं पाहून त्याने चावी बाहेर ओढली. आम्ही ओसरीवर होतो. चाक एकीकडे जरासं वळलेलं होतं, ते तिथेच जाम झालं आणि जीप विहिरीच्या दिशेने वळू लागली. त्याने दोन्ही पाय ब्रेकवर दाबले. पुढचं चाक बांधावरच्या बाभळीला टेकलं आणि जीप थांबली. विहीर तिथून वीसेक पावलं.

अल्हम्दुलिल्लाह, वेग पायी चालण्याएवढाच होता. काटोल रोडवर साठच्या वेगात हे झालं असतं तर हे पान लिहिणारे आम्ही कोणत्या मनाने लिहिलं असतं कोण जाणे.

पोराचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला कोणी रागावलं नाही. अम्मी उठून जवळ गेली, जीपच्या डाव्या बाजूने हात घालून स्टॉपर ओढला. इंजिन बंद झालं. मग म्हणाली, “तुझे दादाजान रोज बोलायचे. आधी स्टॉपर, मग चावी. मला वाटायचं स्वतःशीच बोलतात.”

अब्बांचा तो मंत्र आम्ही सगळ्यांनी शंभर वेळा ऐकला होता. एकानेही नातवापर्यंत पोचवला नाही.

जीप परत त्या गॅरेजला नेली नाही. मोमिनपुऱ्यातले एक वयस्कर उस्ताद घरी येऊन पाहून गेले. ते म्हणाले, “तुम्ही चाक हलवलं, हात कुठे हलवले? माणूस गाडी हाताच्या सवयीने चालवतो.” आम्ही विचारलं, कुलूप काढूनच टाकायचं का? साधा खटका लावला की झंझट संपली. उस्ताद नाही म्हणाले. “आज तुमच्या भीतीपायी काढाल, उद्या चोर गाडी नेईल. कुलूप वाईट नाही, जागा चुकली आहे.”

त्यांनी तीन दिवस घेतले. स्टॉपरची लांब केबल आणून मूठ चालकाच्या उजव्या हाताशी आणली. कुलपाची नळी वेगळी करून अर्धा फेरा फिरवली, म्हणजे चावी कॉलमच्या डाव्या अंगाला, डोळ्यांसमोर आली. वायर आखडत होत्या, तिथे ताणून जोड न देता पुरेशा लांबीच्या नव्या टाकल्या. पहिल्या गॅरेजने कुलूप साध्या नट-बोल्टने आवळलं होतं, जे कोणीही पान्याने खोलू शकतं. उस्तादांनी डोकं तुटणारे बोल्ट लावले. पूर्ण आवळल्यावर त्यांचं डोकं तुटून पडतं आणि पाना लावायला जागाच उरत नाही.

ज्यांच्या घरी असं काम निघेल त्यांनी गाडी ताब्यात घेण्याआधी हे पाहावं.

पुढची चाकं जॅकवर उचला, चावी चालूवर ठेवा आणि चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवा. कुठेही खरखर किंवा अडखळ नको. असेल तर कुलपाची जीभ पूर्ण मागे जात नाही, बाजारातलं दुसऱ्या मापाचं कुलूप बसवलेलं आहे. जीभ घासून चालवून घेऊ नका, मापाचं कुलूप आणा.

चावी चालूवर असताना ओढून पाहा. निघता कामा नये. जुनी झिजलेली चावी निघते. तेव्हा चावीसकट कुलूप बदला.

कॉलमच्या नळीवर कुलपाजवळ वेल्डिंग करू देऊ नका. उष्णतेने नळी वाकडी झाली की आतला दांडा घासू लागतो.

चालकाच्या जागी बसा, डोळे मिटा आणि हात लांब करा. चावी, स्टॉपर, हॉर्न, हातब्रेक, दिवे हाताला लागले पाहिजेत. जे लागत नाही ते अजून डावीकडे राहिलं आहे असं समजा.

इंधन वाचवायला उतारावर चावी बंद करून गाडी सोडण्याची सवय अजून अनेकांना आहे. स्टिअरिंगला कुलूप असलेल्या गाडीत ती जिवावरची आहे. घाटात तर अजिबात नको.

आणि कधी अशी गाडी विकलीत तर घेणाऱ्याला काय बदललं, कुठे बदललं ते तोंडाने सांगा आणि कागदावर लिहून द्या. माल विकताना ऐब लपवू नये हे आपण फळाच्या पेटीबद्दल पाळतो. गाडीच्या ऐबाने जीव जातो.

आता जीप रोज बगीच्यात जाते. पुतण्या मुक्कामाला पोचला की हात आधी स्टॉपरकडे जातो. बाजूला कोणी ऐकणारं असो नसो, ओठ हलतात. मागच्या फळीवरची पिवळी अक्षरं आम्ही रंग मारून पुसली, कारण ती आता खरी नाहीत.

अम्मी अजून पुढेच बसते, पण आता डावीकडे. तिथून तिला फक्त रस्त्याची कड दिसते, बाभळी, मैलाचे दगड. तरी पुढे ट्रक आला की ती मान बाहेर काढते. पुतण्या म्हणतो, “दादी, मला दिसतंय आता.” ती म्हणते, “दिसू दे. मीपण बघते.”

पुढच्या महिन्यात: महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी आणि टायर. इन्शाअल्लाह.