गाठ निघाली, धास्ती उरली

सोनोग्राफी करायची असते पित्ताशयातल्या खड्यांसाठी आणि दिसते मूत्रपिंडातली गाठ. मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे निदान आता अनेकदा असेच, अवचित होते. लघवीतून रक्त, कुशीत दुखणे आणि पोटात हाताला लागणारा गोळा ही तिन्ही लक्षणे एकत्र घेऊन येणारे रुग्ण थोडेच. काहीही दुखत नसताना ‘कॅन्सर’ हा शब्द कानावर पडतो आणि चालताबोलता माणूस खचतो.

गाठ मूत्रपिंडापुरती असेल, तर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय. लहान गाठ वेळेत निघाली, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. चार सेंटिमीटरपर्यंतची गाठ असेल, तर बहुधा तेवढाच भाग काढून बाकीचे मूत्रपिंड वाचवता येते. पूर्ण काढावे लागले, तरी दुसरे निरोगी मूत्रपिंड शरीराचे काम भागवते; ‘आता डायलिसिस’ ही भीती बहुतेकांच्या बाबतीत अनाठायी असते. मात्र रक्तदाब व साखर ताब्यात ठेवणे, तंबाखू-विडी सोडणे आणि मनाने दुखण्याच्या गोळ्या न घेणे, एवढे पथ्य जन्मभराचे.

खरी परीक्षा यानंतर सुरू होते. नेहमीची केमोथेरपी या कर्करोगावर फारशी चालत नाही. त्यामुळे धोका जास्त असलेले काही रुग्ण वगळता बाकीच्यांना शस्त्रक्रियेनंतर औषध नसते, फक्त ठरावीक काळाने तपासणी असते. ‘केमो दिली नाही, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले,’ असे गावात कुणीतरी बोलून जाते. हा आजार कधी कधी काही वर्षांनीही डोके वर काढतो, हे रुग्णाला ठाऊक असते. मग सीटी स्कॅनची तारीख जवळ आली की झोप उडते, साधी पाठ दुखली तरी पोटात गोळा येतो.

नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला अशी धाकधूक नवी नाही. ऑक्टोबरची छाटणी झाल्यावर अवकाळी पाऊस येईल की नाही, हे त्याच्या हातात नसते. तो फवारणीचे वेळापत्रक पाळतो, रोज बागेत फेरी मारतो. रुग्णाच्याही हातात तेवढेच असते. फरक इतकाच, की बागायतदाराला आपले वेळापत्रक पाठ असते आणि रुग्णाला ते अनेकदा नीट सांगितलेलेच नसते. आजाराची अनिश्चितता कोणालाच पुसता येत नाही. माणसांनी तिच्यात घातलेली भर मात्र कमी करता येते.

औषधाच्या किमतीचेच पाहा. आजार पसरलेल्या रुग्णांसाठी २००५ साली अमेरिकेत सोराफेनिब ही गोळी मंजूर झाली. आपल्याकडे बायर कंपनीच्या या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून देशातला पहिला सक्तीचा परवाना निघाला आणि हैदराबादच्या नॅटको कंपनीला तेच औषध महिना ८,८८० रुपयांत विकण्याची मुभा मिळाली. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. रोग तोच होता, गोळी तीच होती. ‘पुढच्या महिन्याचे औषध आणायचे कुठून’ हा घोर मात्र एका आदेशाने हलका झाला.

आज सुनिटिनिब, पझोपनिब यांसारख्या गोळ्या आणि इम्युनोथेरपी आहे. इम्युनोथेरपी अजूनही अनेकांच्या आवाक्याबाहेर आहे. गोळ्यांनी तळहात-तळपाय सोलतात, तोंड येते, जुलाब होतात, रक्तदाब चढतो, कमालीचा थकवा येतो. हे आधी सांगितले नसेल, तर रुग्ण घाबरून गोळी परस्पर बंद करतो. वेळेत कळवले, तर मात्रा कमी करून किंवा काही दिवस थांबून उपचार बहुधा चालू ठेवता येतात.

म्हणून काही साध्या गोष्टी व्हायला हव्यात. घरी जाताना प्रत्येक रुग्णाच्या हातात मराठीत लिहिलेला एक कागद असावा : आजार कोणत्या टप्प्यावर आहे, पुढची तपासणी केव्हा, कोणते लक्षण दिसल्यावर थांबायचे नाही, फोन कुणाला करायचा. नाशिकला विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. नेहमीच्या तपासण्या इथेच व्हाव्यात आणि गरज असेल तेव्हाच रुग्णाने परळचे टाटा रुग्णालय गाठावे. सुरगाणा-पेठच्या माणसाला एका स्कॅनसाठी दोन दिवसांची मजुरी बुडवायला लावणे हाही उपचारातला दोषच. जन आरोग्य योजनेत काय बसते आणि काय नाही, हे उपचार सुरू होण्यापूर्वी सांगितले जावे.

घरच्यांनीही रुग्णापासून आजाराचे नाव लपवू नये. कुजबुज त्याला ऐकू येतेच, आणि मग भीतीबद्दल बोलायला घरात कुणी उरत नाही. ‘पुढे काय होईल?’ या प्रश्नाला ‘नक्की सांगता येत नाही, पण पुढची तपासणी अमुक तारखेला आहे आणि आपण सोबत जाऊ,’ हे उत्तर खरे आहे. धीर द्यायला तेवढे पुरते.