सूचना पाळण्याजोगी असावी लागते

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलिपुरम मार्गावर वसलेले शोळिंगनल्लूर आज माहिती तंत्रज्ञान कंपन्यांसाठी ओळखले जाते. महाराष्ट्रातूनही अनेक तरुण तेथे नोकरीस गेले आहेत. २०११ मध्ये हा परिसर चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट झाला. परंतु काचेच्या इमारती ज्या वेगाने उभ्या राहिल्या, त्या वेगाने नळ पोहोचले नाहीत. परिसरातील असंख्य घरांचा संसार टँकर, कूपनलिका, तळटाकी आणि प्लास्टिकचे पिंप यांवर चालतो. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे जलाशय आटले, तेव्हा या मार्गावरील काही कंपन्यांनी पाण्याअभावी कर्मचाऱ्यांना घरून काम करण्यास सांगितले. त्या जुलैमध्ये जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मिरजेहून लातूरला निघालेली २०१६ ची पाण्याची रेल्वे ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या प्रसंगाचे निराळे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

अशा घरात डेंग्यूविषयीचे पत्रक पोहोचते आणि त्यात ठळक अक्षरांत लिहिलेले असते, ‘पाणी साठवून ठेवू नका.’

ही सूचना शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष आहे. एडिस इजिप्ती हा डास गटारात नव्हे, तर घरातील स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. तरीही ही सूचना पाळली जात नाही आणि मग लोकांच्या अज्ञानाविषयी बैठकांमधून चर्चा होते. वास्तविक टँकर पुन्हा कधी येईल याची खात्री नसलेली गृहिणी पाणी साठवते, तेव्हा ती अज्ञानाने वागत नसते. ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा’ या आपल्याकडील सूचनेचेही तसेच आहे. मराठवाड्यातील काही शहरांत नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येते. तेथे ठरल्या वारी पिंप उपडे करणे म्हणजे उरलेल्या आठवड्याचे पाणी ओतून देणे. उष्ण हवेत अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास तयार होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून कोरडा दिवस आठवड्याने येतो. डासाचे वेळापत्रक पत्रकात आले. पाण्याचे आले नाही.

साथीच्या काळात लोक सूचना पाळतात ते केवळ भीतीपोटी, असा एक समज प्रशासनात रुजलेला आहे. १८९७ च्या पुण्याने या समजाची परीक्षा फार पूर्वीच घेतली. प्लेग आवरण्यासाठी त्या वर्षी फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला, रँडच्या अधिकाराखाली गोरे सैनिक घराघरांत शिरले, सामान बाहेर काढले गेले, माणसे विलगीकरण छावण्यांत नेली गेली. परिणाम असा झाला की रुग्ण लपवले जाऊ लागले. २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हा पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. त्याच साथीत त्याच शहराच्या वेशीबाहेर डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत होत्या आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. तेथेही रुग्णाला घरापासून दूरच ठेवावे लागत होते. फरक पडला तो नेणाऱ्या हातांमुळे.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने या साथीतील आणखी एक गोष्ट मोलाची आहे. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडायचे आणि मळ्यात झोपड्या घालून राहायचे, ही रीत ग्रामीण महाराष्ट्रात कित्येक कुटुंबांनी पाळली. ती पाळण्यास शिपाई लागला नाही. मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसवा माणसाकडे वळतात आणि त्यांच्यामार्फत प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले. शास्त्रजगताने ते मान्य करण्यास आणखी काही वर्षे घेतली. शेतकऱ्याला पिसवेची भूमिका ठाऊक नव्हती, पण उंदीर आणि मरण यांचा क्रम त्याने डोळ्यांनी पाहिला होता. शिवाय मळा त्याचा होता, झोपडी घालता येत होती आणि शेजारीही निघाले होते.

विस्तार कार्यकर्त्यांना हे अनोळखी वाटू नये. गुलाबी बोंडअळी रोखण्यासाठी कपाशीची फरदड घेऊ नये, हे प्रत्येक कापूस उत्पादकाला तोंडपाठ आहे. तरी २०१७ च्या मोठ्या प्रादुर्भावानंतरही फरदड राहतेच, कारण आणखी एका वेचणीचे पैसे त्याच्या हातात पडतात आणि अळीचा भुर्दंड पुढच्या हंगामात साऱ्या शिवारावर वाटला जातो. एकट्याने पऱ्हाटी उपटणाऱ्याचा तोटा निश्चित आणि लाभ शेजाऱ्याच्या मर्जीवर! अशा ठिकाणी दहावे पत्रक वाटण्याचा काय उपयोग?

डेंग्यूच्या बाबतीत पाळता येईल अशी सूचना देता येते, आणि ती शास्त्राशी तडजोड नव्हे. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते. ही अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढताच फुटतात. म्हणजे पिंप नुसते उपडे केल्यानेही काम पूर्ण होत नाही. आतील बाजू घासावीच लागते. उलट पाणी असलेल्या पिंपाला दाट विणीचे कापड घट्ट बांधले तर मादी आत जाऊ शकत नाही. ‘साठवू नका’ याऐवजी ‘बांधून साठवा, पिंप रिते झाले की नवे पाणी भरण्याआधी आतून घासा’ असे म्हटले, तर पाण्याचा थेंबही वाया जात नाही. पांढऱ्या वाडग्यात पिंपातील पाणी घेऊन वळवळणाऱ्या अळ्या त्याच घरातील माणसांना दाखवाव्यात. मेलेल्या उंदराने जे काम केले, ते ह्या अळ्या करू शकतात.

यंदाचे पत्रक छापण्यापूर्वी त्याचा मसुदा एखाद्या टँकरग्रस्त वस्तीत वाचून दाखवावा आणि पिंप कोणत्या दिवशी तळाला जाते, एवढे विचारावे. टँकर मंगळवारी येत असेल आणि सोमवारी रात्री पिंप रिते होत असेल, तर त्या वस्तीचा कोरडा दिवस मंगळवारची सकाळ हाच असला पाहिजे, जिल्ह्याच्या परिपत्रकात कोणताही वार छापलेला असो.