घर कुणाचे, किल्ली कुणाकडे?

केपटाऊनच्या बो-काप मोहल्ल्यात वेल स्ट्रीटवर 71 नंबरचे एक अठराव्या शतकातले घर आहे. 1978 साली तिथे संग्रहालय उघडले आणि एकोणिसाव्या शतकातले मुसलमान कुटुंब कसे राहत असे, ते दाखवण्यासाठी ते घर सजवले गेले. आमच्या कोकणातले कुणी तिकडच्या नातेवाइकांकडे जाऊन आले की या घराचे आणि आसपासच्या रंगीत घरांचे फोटो दाखवतात, आणि म्हणतात, ‘‘बघा, परदेशात आपल्या माणसांची कशी कदर होते!’’

आमचे भांडण या कदरीशी आहे.

1978 म्हणजे वर्णद्वेषी राजवटीचा भर. शहराच्या एका अंगाला हे घर सजत होते आणि दुसऱ्या अंगाला डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती बुलडोझरखाली जात होती. 11 फेब्रुवारी 1966 रोजी ती गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाली आणि पुढच्या वर्षांत साठ हजारांवर माणसे तिथून उठवली गेली. मशिदी आणि चर्च तेवढे शिल्लक ठेवले. नमाजी मैलोन् मैल दूर नेऊन टाकले आणि मशीद जागेवर ठेवली, याला धर्मस्वातंत्र्य म्हणायचे! जिवंत माणसांची हजारो घरे पाडणारे सरकार मुसलमानांच्या एका घरात संग्रहालय उघडते, तेव्हा त्याला आपली कदर म्हणावे की आपली शोभा, हे वाचकांनीच ठरवावे.

शिवाय त्या घराला नाव मिळाले ‘मलाय’. बो-काप 1957 मध्ये मलायांसाठी राखीव ठरले होते. डच कंपनीने केपला गुलाम आणले ते इंडोनेशियातून, तसेच बंगाल, मलबार, कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून, सिलोनहून, मादागास्करहून. त्यांना आज कुणी ‘स्थलांतरित’ म्हणते तेव्हा आम्हांला हसावे की रडावे कळत नाही. बेड्या घालून आणलेला माणूस स्थलांतर करत नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मात्र स्वतःच्या पायांनी गेले ते आमचे कोकणी मुसलमान. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतून पोटासाठी निघाले, केपटाऊनला दुकाने थाटली, कित्येकांनी तिथल्याच मुसलमान घरांत निकाह केले. एका सफेत उभे राहून नमाज पढणाऱ्या या माणसांना सरकारी दप्तराने दोन रकान्यांत टाकले, हा मलाय आणि हा इंडियन. मलायाने बो-कापमध्ये राहायचे, इंडियनाने रायलँड्समध्ये. मग त्या सजवलेल्या घरातली सून कोकणातल्या बापाची लेक असेल, तर ती कुठल्या रकान्यात?

या घराशी अबूबक्र एफेंदींचे नाव जोडले गेले. उस्मानी सुलतानाने पाठवलेले हे आलिम 1863 मध्ये केपला पोचले. तुर्कीचा दिमाख न मिरवता ते तिथल्या मुसलमानांची बोली शिकले आणि ‘बयान-उद-दीन’ हा ग्रंथ त्या बोलीत, म्हणजे आफ्रिकान्समध्ये, अरबी लिपीत लिहिला. 1877 मध्ये तो इस्तंबूलला छापला गेला. जी भाषा पुढे गोऱ्यांनी आपली मक्तेदारी म्हणून मिरवली, ती सुरुवातीला लिहून काढणाऱ्यांत मदरशातले मुसलमान होते! ‘तुमची भाषा तर उर्दू, तुम्ही मराठीत कसे?’ हे ऐकून आमचे कान किटले आहेत. विचारणारे बाहेरचे असतात आणि घरचेही. त्यांनी हा ग्रंथ जरा आठवावा.

न्यायाचे म्हणून सांगितले पाहिजे, की 1994 नंतर त्या घराचा कारभार बदलला. जुन्या मांडणीवर टीका झाली, मोहल्ल्याचा खरा इतिहास आत आला, ‘केपटाऊन कुणी बांधले?’ असे विचारणारे प्रदर्शनही तिथे झाले. पण आम्हांला अधिक शिकवले ते डिस्ट्रिक्ट सिक्सच्या लोकांनी. त्यांच्याकडे घर उरलेच नव्हते. त्यांनी 1994 मध्ये एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये आपले संग्रहालय उघडले. जमिनीवर वस्तीचा नकाशा पसरला, आणि उठवलेल्या माणसांनी गुडघे टेकून त्यावर आपल्या हाताने लिहिले, इथे आम्ही राहत होतो. लांबच लांब कापडावर नावे लिहिली गेली, मग ती धाग्याने भरली गेली. कला म्हणायची तर ती याला म्हणावी.

आता आपल्या दारी या. चिपळूण, खेड, म्हसळा, श्रीवर्धन, कुठल्याही मुसलमान मोहल्ल्यात चक्कर मारा. आफ्रिकेच्या, आखाताच्या पैशावर उठलेली दुमजली घरे, कोरीव दरवाजे, आणि दरवाजावर कुलूप. वर्षातून एकदा लग्नासाठी उघडतात. त्यातल्या एखाद्या घरात वाचनालय करा, बायकांना त्यांची लग्नगीते म्हणू द्या, पोरांना नाटक बसवू द्या, असे आम्ही सुचवले की दोन आवाज उठतात. एक म्हणतो, ‘तौबा, घरात नाचगाण्याचा अड्डा घालायचा?’ बो-कापच्या गल्ल्यांत गाण्याची मंडळे पिढ्यान् पिढ्या गात आली आहेत, आणि अठराव्या शतकात उभी राहिलेली अव्वल मशीद त्याच मोहल्ल्यात आजही भरते. दुसरा आवाज जास्त गोड असतो. तो म्हणतो, ‘सरकारकडे द्या ना, ते सांस्कृतिक केंद्र करतील.’ करतील! कव्वाली, बिर्याणी आणि शेरवानी! कोकणी बोलीतले एक वाक्य त्या भिंतीवर लागणार नाही, कारण पाहुण्यांना हवा असलेला मुसलमान कोकणी बोलत नाही.

बो-कापलाही आज हीच लढाई आहे. घरे फोटोत झळकली तशा जागेच्या किमती चढल्या, बिल्डर आले, आणि 2018 मध्ये रहिवाशांना रस्त्यावर उतरावे लागले.

म्हणून आम्ही सरकारकडे काही मागत नाही. केपटाऊनच्या, दुबईच्या, कुवेतच्या आमच्या भावांकडे मागतो. पूर्ण घर नको. ओटी आणि तिला लागून असलेली एक खोली द्या. किल्ली तुमच्या मुंबईच्या वकिलाकडे नको, ती शेजारच्या चाचीकडे ठेवा. संध्याकाळी पोरे मागायला येतील तेव्हा ती घरी असते.