पडद्यावरील वर्ग व विद्यार्थ्यांचें वर्तन

वर्गांत कसें बसावें, गुरुजन आल्यावर उभें कसें राहावें, प्रश्न विचारण्यापूर्वीं हात कसा वर करावा, या गोष्टी आपल्याकडे मूल पहिल्या इयत्तेंतच शिकतें. त्या मुद्दाम शिकवाव्या लागतात असेंहि नाहीं. पुढच्या बाकावरील मुलाकडे पाहून मागच्या बाकावरचा शिकतो. परंतु ज्या वर्गांत बाकच नाहींत, भिंती नाहींत, आणि शेजारीं कोण बसला आहे हेंहि दिसत नाहीं, तेथें कसें वागावें हें कोणाकडे पाहून शिकावयाचें? मोहाडी तालुक्यांतील करडी व तिच्या आसपासच्या खेड्यांतून महाविद्यालयांत जाणाऱ्या तरुणांपुढें हा प्रश्न मार्च २०२० मध्यें अचानक उभा राहिला, आणि त्याचें समाधानकारक उत्तर अद्यापि मिळालेलें नाहीं.

भंडारा जिल्ह्यांतील महाविद्यालयें ज्या विद्यापीठाशीं संलग्न आहेत तें नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजीं स्थापन झालें. तेव्हांपासून जवळजवळ शंभर वर्षें त्याच्या वर्गांत शिक्षक व विद्यार्थी यांच्यामध्यें एका टेबलाहून अधिक अंतर नव्हतें. २४ मार्च २०२० च्या रात्रीं टाळेबंदी जाहीर झाली, आणि शिक्षक एका गांवीं, विद्यार्थी दुसऱ्या गांवीं व दोघांच्या हातांत एकेक मोबाईल, अशी स्थिति झाली. कोणी म्हणेल, साथ ओसरली, वर्ग पुन्हां भरूं लागले, आतां हा विषय कशाला? पण पडदा कांहीं परत गेलेला नाहीं. केंद्र सरकारचा 'स्वयम्' हा उपक्रम साथीच्याहि आधीं, जुलै २०१७ मध्यें सुरू झाला होता. आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणें एका सत्रांतील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्याच्या द्वारें पुरा करण्याची मुभा महाविद्यालयें देऊं शकतात. तेव्हां आज जो विद्यार्थी दहावींत आहे त्यालाहि केव्हां ना केव्हां या वर्गांत बसावें लागणारच.

या वर्गाविषयीं सर्वांत मोठा वाद आहे तो कॅमेऱ्याचा. शिक्षक म्हणतात, चेहरा दाखवा; विद्यार्थी दाखवीत नाहींत; आणि मग 'आजच्या तरुणांस गुरुजनांविषयीं आदर उरला नाहीं' असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष मला मान्य नाहीं. २०१७-१८ सालीं झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरींत असें आढळून आलें होतें कीं, ग्रामीण भारतांतील शेंकडा ४.४ कुटुंबांतच संगणक होता, व इंटरनेटची सोय शेंकडा १५ च्या आसपास कुटुंबांत होती. साथीच्या काळांत मोबाईल पुष्कळ घरांत आले खरे, पण तो बहुधा एकच, आणि त्यावर थोरल्या बहिणीचा महाविद्यालयाचा तास व धाकट्या भावाची शाळा, अशा पाळ्या. ज्या घराची चूल, झोपण्याची जागा व अभ्यासाची जागा एकाच खोलींत आहे त्या घरांतील मुलीनें कॅमेरा सुरू केला कीं तिच्या मागें आई भात वेळतांना, आजारी आजोबा खाटेवर पडलेले, दोरीवर वाळत घातलेले कपडे, हें सारें साठ अनोळखी डोळ्यांपुढें जातें. वर्गांत आपण आपलें घर बरोबर नेत नाहीं. गरिबाचा मुलगा व श्रीमंताचा मुलगा एकाच बाकावर बसतात हेंच तर शाळेचें मोठेपण. शिवाय चित्र सुरू ठेवलें म्हणजे डेटा कितीतरी पटीनें अधिक जातो. घरची माणसें उजेडांत आणण्यास नकार देणें हा अनादर नव्हे. (मे महिन्याच्या उकाड्यांत बनियन घालून तासास बसणाऱ्याचीहि मी निंदा करणार नाहीं, त्यानें कॅमेरा तेवढा बंद ठेवावा.)

पण जो चेहरा झांकतो त्याच्यावर दुसरें एक ऋण येतें, आणि तेथें मात्र आमचे विद्यार्थिबंधु कमी पडतात. शिक्षकाची बाजू एकदां मनांत आणून पाहावी. समोर काळ्या चौकटींची रांग; एकींतूनहि श्वास ऐकूं येत नाहीं. त्यानें विचारावें, 'समजलें कां?' आणि उत्तरादाखल शांतता. ही शांतता एकाग्रतेची कीं निद्रेची, हें त्यास कळावें कसें? प्रत्यक्ष वर्गांत एखाद्याची आठी पडलेली भुंवई पाहून शिक्षक वाक्य पुन्हां उच्चारतो, उदाहरण बदलतो. येथें त्याचें तें साधनच हिरावलें गेलें आहे. म्हणून नांव पुकारल्याबरोबर आवाजानें उत्तर देणें, आवाज देतां येत नसेल तर दोन शब्द लिहून पाठविणें, न कळल्यास न कळलें म्हणणें, आणि मध्येंच संबंध तुटल्यास परत येतांच तसें सांगणें, ही या वर्गांतील खरी शिष्टाई होय. तास सुरू करून मोबाईल उशाशीं ठेवून झोपणें ही लबाडी आहे. यंत्र फक्त किती वाजतां आला व किती वाजतां गेला एवढेंच नोंदवितें; त्या नोंदीवर हजेरी मिळते, आणि हजेरी मिळाली म्हणजे आपण हुशार ठरलों असें पुष्कळांस वाटतें.

याच ठिकाणीं आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपला प्रदेश धानाचा. पाऊस लागला, पऱ्हे तयार झाले, कीं रोवणीस थांबतां येत नाहीं, आणि महाविद्यालयाचें सत्रहि नेमकें त्याच दिवसांत सुरू होतें. धुऱ्यावर बसून, कानांत यंत्र घालून, पाय चिखलाचे असतांना कोणी तास ऐकत असेल, तर शहरांतील टेबलखुर्चीवर बसणाऱ्याहून तो कमी शिस्तीचा आहे असें मी मानणार नाहीं. त्यानें 'सर, बांधींत आहें, आवाज येईल, ध्वनि बंद ठेवतों' एवढें आरंभीं सांगावें. आवाज बंद ठेवण्याचा नियम तर सर्वांनाच लागू आहे; एका घरांतील कुकरची शिटी साठ घरांतील व्याख्यान बुडविते. उलट पंख्याखालीं बसलेला, पण त्याच पडद्यावर दुसरीकडे क्रिकेटचा सामना पाहणारा, हा खरा गैरहजर.

नांवाचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण आहे महत्त्वाचा. मोबाईल वडिलांचा असतो, म्हणून पडद्यावर वडिलांचें नांव दिसतें. तें बदलून आपलें नांव व हजेरीक्रमांक लिहिण्यास अर्धें मिनिट पुरे. 'किंग', 'डॉन' असलीं नांवें लावून बसणाऱ्यांस कोणी काय म्हणावें! टोपणनांवाच्या आडून शिक्षकांची नक्कल करणें, मध्येंच गाणें लावणें, तासाचा दुवा बाहेरच्या मित्रास पाठवून त्याच्याकरवीं गोंधळ घडविणें, असले प्रकार २०२० सालीं जगभर घडले. १६ एप्रिल २०२० रोजीं केंद्रीय गृहमंत्रालयास झूमच्या वापराविषयीं सावधगिरीची सूचना काढावी लागली, व प्रत्येक सभेस नवा संकेतशब्द ठेवा, येणाऱ्यास दारांत थांबवून मगच आंत घ्या, असें सांगावें लागलें. तासाचा दुवा म्हणजे वर्गाची किल्ली आहे. ती बाहेरच्यास देणाऱ्यानें 'मीं कांहीं केलें नाहीं' असें म्हणूं नये.

याहून गंभीर गोष्ट चित्रें टिपण्याची. शिक्षिकेचें किंवा वर्गभगिनीचें चित्र पडद्यावरून टिपून, त्यावर कांहींतरी लिहून समूहांत फिरविणें, यांत कित्येकांस विनोद दिसतो. खेड्यांत असें एक चित्र फिरलें तर त्याची किंमत कोण देतें? चित्र टिपणारा देत नाहीं. मुलीचा मोबाईल काढून घेतला जातो, आणि मोबाईलबरोबर तिचें शिक्षणहि. बारावीनंतर पुढें शिकावें म्हणून जिनें घरच्यांची कशीबशी समजूत घातली आहे, तिची ती सारी खटपट एका बोटाच्या स्पर्शानें व्यर्थ होते. या एका बाबतींत मीं कोणतीहि सबब ऐकावयास तयार नाहीं.

परीक्षेविषयीं थोडकेंच. २८ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अंतिम वर्षाची परीक्षा टाळतां येणार नाहीं असें ठरविल्यावर आपल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं त्या घरीं बसून मोबाईलवर दिल्या. उत्तरें समूहांत फिरण्याची तक्रार त्या काळांत ठिकठिकाणीं झाली, व पुढें नोकरीच्या दारांत 'कोरोनाची पदवी' असा टोमणा प्रामाणिकपणें लिहिणाऱ्यांसहि ऐकावा लागला. दुसऱ्याच्या नांवानें यंत्रापुढें बसून फसवणूक करणें हा तर २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड प्रमाणें तीन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे, हें पुष्कळांस ठाऊकहि नसतें.

शिक्षकांनींहि दोन गोष्टी कराव्या. सत्राच्या पहिल्या तासास पंधरा मिनिटें काढून कॅमेरा केव्हां हवा, हात वर करण्याची खूण कोणती, संबंध तुटल्यास हजेरी कशी धरावयाची, हें विद्यार्थ्यांशीं बोलून ठरवावें. आणि ज्याच्या घरीं मोबाईल सायंकाळींच मोकळा होतो त्याच्यासाठीं व्याख्यानाचा ध्वनि जपून ठेवावा. रोवणीच्या तीन आठवड्यांत असे तास रात्रीं आठ वाजतां घेतले, तर करडीकडचीं मुलें बांधींतून परत येऊन, हातपाय धुऊन, जेवून त्यांस बसूं शकतील.