पंचनामा व्हायच्या आधी पंच लिस्ट

आपल्याकडे इमारत पूर्ण झाली असं कधी म्हणायचं? फीत कापली की. पाहुणे आले, त्यांच्या नावाची ग्रॅनाइटची पाटी लागली, समोसे वाटले गेले, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले, की काम संपलं. मग पाटीच्या मागच्या नळाला पाणी येवो नाहीतर न येवो. मी आजवर बऱ्याच नव्या इमारती पाहिल्या. शाळाखोल्या, समाजमंदिरं, शादीखाने, मशिदींचे वरचे मजले, कब्रस्तानच्या भिंती. दारं वाकडी बसलेली पाहिली, फरशीचा उतार उलटा पाहिला, रॅम्पच्या शेवटी वीतभर पायरी पाहिली. पण उद्घाटनाची पाटी वाकडी लागलेली कुठेही पाहिली नाही. याचा अर्थ सरळ आहे. आपल्याला काम नीट करता येतं. ज्या गोष्टीवर कोणाची तरी नजर असते, ती नीट होते.

ही नजर कागदावर उतरवायची एक साधी पद्धत बांधकामाच्या धंद्यात आहे. तिला पंच लिस्ट म्हणतात. आपल्याकडचे बरेच इंजिनिअर स्नॅग लिस्ट म्हणतात. काम संपत आलं की मालक, इंजिनिअर आणि ठेकेदार मिळून इमारतीत खोली-खोली फिरतात. काय राहिलं, काय चुकलं, काय तुटलं, ते लिहून काढतात. प्रत्येक गोष्टीपुढे ती कोण करणार आणि कधीपर्यंत, तेही लिहितात. सगळ्यांच्या सह्या होतात. यादीतली शेवटची ओळ खोडली जाईपर्यंत शेवटचा हप्ता देत नाहीत. बस, एवढंच. याला ना मशीन लागतं ना सॉफ्टवेअर. शंभर पानी वही आणि पेन पुरतं.

पंच हा शब्द इथे इंग्रजीतून आलाय, पण मराठी कानाला तो पंचनाम्याची आठवण करून देतो आणि ते बरंच आहे. पंचनामा आपल्याला चांगला जमतो. पोर पडलं, शॉक लागला, छज्जा कोसळला, की पंच गोळा होतात, सह्या होतात, सगळं बारकाईने लिहिलं जातं. तेच लिहिणं चार महिने आधी केलं असतं तर? माझं म्हणणं एवढंच आहे.

माझ्या जिल्ह्यातल्या एका शाळेचं उदाहरण देतो, नाव देत नाही. दोन नव्या खोल्या आणि मुलींचं शौचालय बांधलं. कागदोपत्री काम मार्चमध्ये पूर्ण झालं. वर्धा जिल्ह्यात काय, कुठेही काय, सरकारी काम मार्चमध्येच पूर्ण होतं, कारण ३१ तारखेला निधी परत जातो. जूनच्या शेवटी शाळा उघडली तेव्हा मी वही घेऊन फिरलो. तेवीस गोष्टी निघाल्या. त्यातल्या काही सांगतो. शौचालयाच्या दाराला बाहेरून कडी होती, आतून नव्हती. छतावर टाकी होती, पण तिच्यातून खाली येणारा पाइप नळाला जोडलेला नव्हता. व्हरांड्याचा उतार मैदानाकडे असायला हवा, तो वर्गाकडे होता, म्हणून पहिल्याच पावसात पहिलीची पोरं बाकांवर पाय वर घेऊन बसली. एका खोलीत स्विच बोर्डाचं झाकण नव्हतं, तारा मुलांच्या हाताच्या उंचीवर.

ठेकेदाराला फोन केला. आपलाच माणूस. म्हणाला, "हो जाएगा सर, दो दिन का काम है." खरंच दोन दिवसांचंच काम होतं. ते दोन दिवस यायला दिवाळी उजाडली.

आता त्या आतून नसलेल्या कडीचा हिशेब करा. बाजारात ती पन्नास-साठ रुपयांना मिळते. ती नाही म्हणून सातवी-आठवीच्या मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. एक मैत्रीण दाराबाहेर उभी राहणार असेल तरच आत जातात. महिन्यातले चार दिवस घरीच थांबतात. मग आपण भाषण करतो की आपल्या समाजाच्या मुली शाळा सोडतात, आईबाप जुन्या विचारांचे आहेत. आईबापांच्या विचारांवर बोलायच्या आधी कडी बसवा.

कोणी म्हणेल, एका शाळेवरून एवढं काय. मग देशाचं पाहा. १५ ऑगस्ट २०१४ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली की वर्षभरात प्रत्येक शाळेत मुलामुलींची वेगळी शौचालयं होतील. वर्षभराने लक्ष्य गाठल्याचं जाहीरही झालं. यातली बरीच शौचालयं केंद्र सरकारच्या कंपन्यांनी बांधली होती. कॅगने १५ राज्यांत अशी २,६९५ शौचालयं प्रत्यक्ष जाऊन तपासली आणि २०२०मध्ये तो अहवाल संसदेपुढे आला. काही जागेवर नव्हतीच, काही अर्धवट होती. जी उभी होती त्यांतल्या ७२ टक्क्यांमध्ये आत वाहतं पाणी नव्हतं आणि ५५ टक्क्यांमध्ये हात धुवायची सोय नव्हती. भिंती होत्या, भांडं होतं, रंग होता, फोटो होता. पाणी नव्हतं. पाण्याशिवायचं शौचालय "पूर्ण" म्हणून मोजलं गेलं, कारण मोजणाऱ्याच्या कागदावर पाण्याचा रकानाच नसावा, किंवा असला तरी नळ फिरवून पाहणारा कोणी नसावा.

असं का होतं, तेही समजून घ्या. यात दरवेळी चोरी असतेच असं नाही. पाया, कॉलम, स्लॅब, विटा या मोठ्या कामांत ठेकेदाराचं मोठं बिल निघतं. शेवटच्या कामात प्लंबरला एक तास, सुताराला दोन तास, वायरमनला अर्धा दिवस आणि रंगाऱ्याला परत एकदा यावं लागतं. प्रत्येकाचा गाडीखर्च मजुरीइतका. तोवर ठेकेदाराला हिंगणघाटला किंवा पुलगावला दुसरं काम मिळालेलं असतं. त्याची माणसं, त्याच्या फळ्या, त्याचं मिक्सर तिकडे गेलेलं असतं. परत येण्याचं एकच कारण उरतं, ते म्हणजे आपल्या हातात राहिलेले त्याचे पैसे. तेही आपण उद्घाटनाच्या दिवशी शाल-नारळासोबत देऊन टाकतो.

आणि नियम नाहीत असं तर मुळीच नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारात पूर्णत्वाच्या दाखल्याचं कलम आहे. ठेकेदाराने काम झाल्याचं कळवायचं, इंजिनिअरने पाहणी करायची, दोष असतील तर ते लिहून द्यायचे. जागेवरचा मलबा आणि फळ्या उचलल्या नाहीत, दारंखिडक्या आणि फरशी पुसली नाही, तोवर काम पूर्ण समजायचं नाही, इथवर त्यात लिहिलेलं आहे. फ्लॅट घेणाऱ्यांसाठी २०१६चा रेरा कायदा आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तो तीस दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. माहितीच्या अधिकारात फक्त कागदच मागता येतात असं आपल्याला वाटतं. त्या कायद्यात सरकारी कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे नमुने घेण्याचा हक्कही आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या, त्या काही प्रोसिडिंगवर अंगठा उमटवण्यासाठी नव्हेत. हत्यारं सगळी घरात आहेत. गंज चढलाय.

पण सरकारवर बोलणं सोपं आहे. आपल्या स्वतःच्या पैशाने जे बांधतो, तिथे काय करतो? मशिदीचं, मदरशाचं, शादीखान्याचं काम चंद्यावर चालतं. ऑटोवाल्याचे पन्नास, विधवेचे शंभर, जुम्म्याला फिरणाऱ्या चादरीतली चिल्लर. त्या पैशातून मिनार उभा राहतो आणि त्यावर रोषणाई होते. खाली वुजूखान्यात सांडपाण्याला उतार नाही, शेवाळ धरतं आणि सत्तरीचे चाचा घसरून खुब्याचं हाड मोडून घेतात. जिन्याला कठडा "नंतर" लावायचा असतो. बायकांच्या बाजूचं शौचालय "पुढच्या टप्प्यात" असतं. तो पुढचा टप्पा येत नाही, कारण तोवर दुसऱ्या मजल्याचा चंदा सुरू झालेला असतो.

यावर कमिटीत बोललं की तीन उत्तरं मिळतात. तिन्ही तपासून पाहू.

पहिलं उत्तर: "सर, अपने ही लोग हैं, भरोसा रखो. लिखा-पढ़ी काय करता?" कुराणातली सर्वात लांब आयत कशावर आहे, माहीत आहे? सूरह बकराची २८२वी. ती नमाजवर नाही, रोज्यावर नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यावर आहे. लिहिणारा न्यायाने लिहिणारा असावा, साक्षीदार असावेत, रक्कम छोटी असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये. ज्या किताबाने एवढं सविस्तर सांगितलं, तिला मानणाऱ्यांना लिहिणं म्हणजे अविश्वास वाटतो, याला काय म्हणावं? लिहून ठेवल्याने भावाभावातला भरोसा टिकतो. न लिहिल्याने काय होतं, ते प्रत्येक मोहल्ल्यातल्या दोन तुकडे झालेल्या कमिटीला विचारा.

दुसरं उत्तर: "अल्लाहच्या घराच्या कामात खोट काढता?" अल्लाहच्या घराचं काम आहे म्हणूनच काढतो. चंद्याचा पैसा अमानत आहे. काम हाती घेतलं तर ते सफाईने, पक्कं करावं, याला आपल्या दीनमध्ये इत्कान असा खास शब्द आहे. आलिम मंडळी त्यावर बयान करतात. ज्या मशिदीत ते बयान होतं, तिच्या वुजूखान्याचे नळ एकदा मोजून पाहा. बारापैकी किती चालतात?

तिसरं उत्तर वजनदार आहे आणि ते मी हसण्यावारी नेत नाही. "यादीच्या नावाखाली गरीब मिस्त्रीचे पैसे अडकवतात." खरं आहे, अडकवतात. आपल्याच मोहल्ल्यातले कितीतरी मिस्त्री, फरशीवाले, वेल्डर हे भोगतात. काम झालं की मालक रोज नवी खोट काढतो आणि दहा हजार बुडवतो. मजुराचा घाम वाळायच्या आत मजुरी द्या, ही शिकवण आपण पाठ करतो आणि त्याला सहा महिने फिरवतो. पण यावरचा इलाजही यादीच आहे. यादी एकदाच करायची, मिस्त्रीला सोबत घेऊन करायची, त्यावर तारीख घालायची. सह्या झाल्यावर मालकाने नवी ओळ घालायची नाही. तेवीस म्हणजे तेवीस. तेवीस झाल्या की त्याच दिवशी पैसे मोजून द्यायचे. आणि अडवायचा तो ठेकेदाराचा शेवटचा हप्ता. रोजंदारीवाल्याची मजुरी कधीच नाही. तोंडी खोटीला अंत नसतो. लिहिलेल्या यादीला शेवटची ओळ असते आणि मिस्त्रीचं संरक्षण त्या ओळीत आहे.

चौथी सबब पैशाची असते. "फंड संपला." वर्ध्याच्या माणसाने तरी हे बोलू नये. आठ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. तिथल्या घराचा खर्च पाचशे रुपयांच्या वर जाऊ नये, सामान आसपासचंच असावं, अशी गांधीजींची अट होती. मातीच्या भिंती, कवेलूचं छप्पर. आज जाऊन पाहा, त्या कुटीत अर्धवट काय आहे? फंड कमी असेल तर दोनऐवजी एक खोली बांधा, पण ती पूर्ण बांधा. साधं असण्यात कमीपणा नाही. अर्धवट असण्यात आहे.

याच वर्ध्यात ऑक्टोबर १९३७मध्ये शिक्षण परिषद भरली आणि तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. बीएडला आम्ही वर्धा योजना, नई तालीम, हस्तोद्योग, सगळं पाठ करून पाच मार्कांचं उत्तर लिहिलं. त्यातला गाभा मात्र मागे राहिला. झाकिर साहेब जर्मनीत शिकले आणि तिथल्या केर्शेनश्टायनर या शिक्षणतज्ज्ञाच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. केर्शेनश्टायनरचं गाजलेलं उदाहरण पक्ष्याच्या घरट्याचं आहे. मुलाने लाकडी पेटी बनवायची, आधी आखायची, मग कापायची, जोडायची आणि शेवटी स्वतःच तपासायची की सांधे जुळले का, माप बरोबर आलं का. त्याच्या मते शिक्षण या तपासण्यात आहे, कारण लाकूड खोटं बोलत नाही. फट राहिली तर ती दिसते. आपण मुलांना हस्तोद्योग शिकवतो, तोही अशा वर्गात जिथे खिडकीच्या चौकटीत आणि भिंतीत बोट जातं. सहा तास ती फट पाहून पोरगं काय शिकत असेल? हेच, की "चलता है".

म्हणून माझी मागणी थोडकी आहे. गावात, मोहल्ल्यात जे काही पुढचं बांधकाम होईल, त्यात चार गोष्टी करा. कराराच्या पहिल्याच दिवशी लिहा की एकूण रकमेचा ठरावीक भाग, दहा टक्के म्हणा, यादी पूर्ण झाल्यावरच मिळेल. मिस्त्री, प्लंबर, वायरमन जागेवर असतानाच पाहणी करा. ते गेल्यावर यादी म्हणजे नुसती तक्रार. पाहणीला कमिटीवाल्यांबरोबर इमारत वापरणारे न्या. आठवीतली मुलगी, खिचडी शिजवणारी ताई, मुअज्जिन साहेब, काठी टेकत येणारे चाचा. प्रत्येक नळ सोडून पाहा, प्रत्येक कडी आतून लावून पाहा, प्रत्येक बटण दाबा, छतावर पाणी साठवून दुसऱ्या दिवशी खालून ओल बघा, व्हरांड्यावर बादली ओता आणि पाणी कुठे जातं ते पाहा. आणि ती यादी ग्रॅनाइटच्या पाटीशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी चिकटवा.

फीत कापायला माझी हरकत नाही. पाहुण्यांना जरूर बोलवा, समोसेही वाटा. फक्त कात्री हातात देण्याआधी ती वही त्यांच्या हातात द्या. एक जरी ओळ खोडायची राहिली असेल, तर पाहुण्यांना चहा पाजा आणि पुढची तारीख सांगा.