गिरणगावचा वारसा कोणी जपायचा?

लालबाग-परळच्या आकाशात एकेकाळी गिरण्यांची धुरांडी दिसत. आज तेथे काचेचे मनोरे उभे आहेत. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेव येथे पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला आणि मुंबईचे भाग्य पालटले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर हा उद्योग सावरला नाही. मुंबई मात्र सावरली. भोंग्याची जागा बँका, कार्यालये आणि मॉल यांनी घेतली. या सावरण्यात गिरणगावच्या पदरी काय पडले, हा खरा प्रश्न आहे.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत एक न्याय्य सूत्र होते. विकासाला काढलेल्या गिरणीच्या जमिनीचा एक वाटा मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. इमारती पाडून रिकामी होणारी जमीन तीतून सुटली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. कायद्याचा वाद मिटला. समाजाच्या हातून गेलेली जमीन मात्र परत आली नाही.

वारशाची कथाही अशीच आहे. मुंबईत वारसा जतनाचे नियम १९९५ पासून आहेत. दक्षिण मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु साहेबाने आणि धनिकाने बांधले तो वारसा आणि श्रमिकाने घडविले ती अडगळ, ही दृष्टी पारतंत्र्यातील आहे. जुलै १९०८ मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा याच गिरणी कामगारांनी सहा दिवस संप पुकारला. १९३० साली विदेशी कापडाची मालमोटार अडविताना प्राणार्पण करणारा बाबू गेनू गिरणी कामगारच होता. व्यायामशाळा, भजनी मंडळे, खाणावळी आणि चाळीचाळींतील गणेशोत्सव यांतून येथे एक संस्कृती उभी राहिली.

म्हणून जीर्ण चाळी तशाच ठेवाव्यात, असे नाही. बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या कुटुंबाला स्मरणरंजनाचे धडे देण्याचा अधिकार कोणासही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना त्याच परिसरात ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, हे स्वागतार्हच आहे. परंतु उद्वाहन, पाणी आणि देखभाल यांचा खर्च न झेपल्याने तीच माणसे घर विकून दूर गेली, तर पुनर्विकास कोणाचा झाला?

तेव्हा प्रत्येक आराखड्यात व्यायामशाळेला, मंडळाला आणि वाचनालयाला हक्काची जागा हवी. देखभालीसाठी पुरेसा कायम निधी हवा. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड गिरणीत योजलेल्या वस्त्रोद्योग संग्रहालयात यंत्रांबरोबर ती चालविणाऱ्या हातांची कहाणीही हवी. त्यासाठी शासनाकडे बोट दाखवून भागणार नाही. वृद्ध कामगारांच्या आठवणी, छायाचित्रे आणि मंडळांची जुनी दप्तरे गोळा करणे हे स्थानिक कार्यकर्त्यांचे व कुटुंबांचे काम आहे. ते आजच हाती घेतले पाहिजे. संप पाहिलेली पिढी आता फार काळ थांबणार नाही.