लळ्याची मोजपट्टी

दिवाळीच्या आगेमागे जत तालुक्यातील अनेक वाड्या-वस्त्यांवर केवळ म्हातारी माणसे आणि लहान मुले उरतात. कर्ती माणसे उसाच्या तोडीला गेलेली असतात; कुणी वाळव्याकडे, कुणी कोल्हापुराकडे, कुणी सीमा ओलांडून कर्नाटकात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते आणि त्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. अंगावर पिणारे मूल आईबरोबर फडावर जाते. दूध तुटलेले मूल आजीच्या ओटीत घालून आई निघते. हंगाम संपवून पाडव्याच्या सुमारास ती परत येते, तेव्हा पुष्कळदा ते मूल तिच्याकडे झेपावत नाही. आजीच्या पदराआड दडते.

या प्रसंगावर सुशिक्षित मंडळी जो निकाल देतात, त्याविरुद्ध आम्हांस लिहावयाचे आहे. बालसंगोपनावरील पुस्तिका आणि पुरवण्या वाचून त्यांची खात्री झालेली असते की, पहिल्या दोन-तीन वर्षांत ज्याला आई अखंड लाभली नाही, ते मूल जन्माचे उणे राहिले. मग ‘या बायांना मुलांची मायाच नसते’ हे वाक्य सहज उच्चारले जाते. ज्या शास्त्राच्या नावाने हा निकाल दिला जातो, ते शास्त्र वस्तुतः काय सांगते, हे पाहण्याची तसदी मात्र कुणी घेत नाही.

जॉन बोल्बी या इंग्रज मनोवैद्याने जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली एक अहवाल लिहिला. महायुद्धाने बेघर केलेली, संस्थांत वाढणारी मुले त्याच्यापुढे होती. तान्ह्या जिवाला अन्नाइतकीच एका स्थिर, मायेच्या माणसाची गरज असते, हे त्याने जगाला पटवून दिले. त्याचे हे ऋण आम्ही मानतो. परंतु ती मुले सर्वच माणसांना पारखी झालेली होती. आजीच्या कुशीत निजणाऱ्या मुलाला त्यांच्या रांगेत बसविणे हा न्याय नव्हे.

पुढे मेरी एन्सवर्थ या विदुषीने बाल्टिमोर शहरात एक कसोटी तयार केली. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला आईसह अनोळखी खोलीत आणावयाचे. तेथे एक परकी बाई येते. आई थोड्या वेळासाठी बाहेर जाते आणि परतते. वीसएक मिनिटांत सारे आटोपते. आई परतल्यावर मूल कसे वागते, यावरून त्याचे बंध ‘सुरक्षित’, ‘टाळणारे’ किंवा ‘बिलगूनही न निवणारे’ ठरतात. १९७८ साली ही पद्धत ग्रंथरूपाने आली आणि बघता बघता साऱ्या जगाची मोजपट्टी होऊन बसली. गंमत अशी की, एन्सवर्थबाईंचा या विषयाचा पहिला मोठा अभ्यास खोलीत झालाच नव्हता. १९५४-५५ साली युगांडातील काम्पालाजवळच्या खेड्यांत, घरोघरी जाऊन, पाठीवर आणि कडेवर वाढणारी मुले पाहत त्यांनी तो केला होता. खेड्यात शिकलेले खोलीत कोंबले गेले, एवढेच आम्ही म्हणू.

ही मोजपट्टी देशोदेशी लावली गेली तेव्हा काय दिसले? जर्मनीतील बीलेफेल्ड येथे जवळजवळ निम्मी मुले ‘टाळणारी’ ठरली. कारण तेथील आया मुलाने लवकर स्वावलंबी व्हावे म्हणून झटतात. जपानच्या साप्पोरो शहरात ‘टाळणारे’ मूल एकही सापडले नाही. उलट सुमारे एकतृतीयांश मुले रडून रडून आवरेनात. ज्या मुलाला आईने क्षणभरही एकटे सोडलेले नव्हते, त्याला परक्या खोलीत एकटे ठेवल्यावर दुसरे काय होणार? मुले तीच, मोजपट्टीच एका घराच्या मापाची होती. १९८८ साली मारिनस व्हॅन आयझेंडोर्न आणि पीटर क्रूनेनबर्ग या डच संशोधकांनी आठ देशांतील ३२ अभ्यास एकत्र मांडले. त्यांतील १८ एकट्या अमेरिकेचे होते. भारताचा एकही नव्हता. शिवाय देशादेशांत जेवढा फरक दिसला, त्याच्या सुमारे दीडपट फरक एकाच देशातल्या निरनिराळ्या अभ्यासांत आढळला. ज्या तराजूत आमचे एकही मूल कधी बसले नव्हते, त्या तराजूचे वजन जतच्या बाईच्या डोक्यावर कोणत्या अधिकाराने ठेवावयाचे?

आपल्या भाषेला तरी ‘लळा’ हा शब्द कुणा परक्याने शिकविलेला नाही. लळा जन्माने लागत नाही, लावावा लागतो; आणि तो लावणारे हात एकाहून अधिक असू शकतात, हे आपले नातेशब्दच सांगतात. एकत्र कुटुंबातील कितीतरी मुले आजीला ‘आई’ म्हणत आणि जन्मदात्रीला, दीरांचे ऐकून, ‘वहिनी’. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण उगाच रुळली नाही. जतच्या पूर्वेकडील कानडी बोलणाऱ्या घरांत मुलाला ‘अव्वा’ आणि ‘अज्जी’ हे दोन्ही शब्द एकाच अंगणात मिळतात. मूल दोघींना ओळखते, दोघींवर रुसते. पदराआड दडणारे ते मूल मायाहीन नाही. सहा महिने ज्या हातांनी त्याला भरविले, त्या हातांशी ते इमान राखते. आईशीही त्याचे पुन्हा जुळते; मात्र त्याला अवधी लागतो, आणि पुढल्या दिवाळीला तोच धागा पुन्हा तुटतो. दुखते ते येथे.

एवढे वाचून काही स्वाभिमानी वाचक खूश होतील. ‘आमच्याकडे आजी आहे, आत्या आहे, पाळणाघरांची थेरं आम्हांला कशाला?’ असे ते म्हणतील. त्यांनाही आम्ही सोडणार नाही. इस्रायलच्या किबुत्झ वसाहतींत मुले दिवसभर सामाईक बालगृहात राहत. काही वसाहतींत ती रात्री घरी निजत, काहींत बालगृहातच, आळीपाळीने बदलणाऱ्या पहारेकरणींच्या भरवशावर. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरी निजणाऱ्यांपैकी ८० टक्के मुलांचे आईशी बंध सुरक्षित आढळले. बालगृहात निजणाऱ्यांपैकी अवघ्या ४८ टक्क्यांचे. दिवसा सांभाळणारे हात अनेक असल्याने बिघडले नाही. रात्री हाक मारल्यावर ओळखीचे माणूस आले नाही, याने बिघडले. एकच आई हवी असे नव्हे. पण तीच ती माणसे हवीत, आणि ती रात्री हवीत.

आता ही कसोटी फडावर लावून पाहा. पहाटेच्या अंधारात तोड सुरू होते. गाडी येईल तेव्हा, अपरात्रीदेखील, मोळ्या भराव्या लागतात. त्या वेळी कोपीत तान्ह्यापाशी कोण असते? सात-आठ वर्षांची बहीण, जिची शाळा त्यासाठीच सुटलेली असते. तिला ‘आपली संस्कृती’ म्हणणे हा निर्लज्जपणा आहे. आणि गावी राहिलेली आजी? तिचे गुडघे, तिची दृष्टी, तिची भाकरी यांची चौकशी कोण करतो? आजीच्या मायेचे गोडवे गाणाऱ्यांनी त्या मायेचा भार कधी उचललेला नाही.

कायद्याला हे ठाऊक नाही असेही नाही. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर आवश्यक ठरले. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने तर असे लिहून ठेवले होते की, कामावर सहा वर्षांखालील पाच मुले असली तर ती सांभाळण्यासाठी एका स्त्रीला नेमावे. खडी फोडणाऱ्या बाईच्या मुलाविषयी जे तत्त्व मान्य झाले, ते ऊस तोडणाऱ्या बाईच्या मुलाला का लागू नये? उत्तर सोपे आहे. ती कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. ती मुकादमाची असते, कोयत्याचा अर्धा भाग असते. आणि अर्ध्या कोयत्याला मूल नसते! अंगणवाडी १९७५ पासून आहे. पण तीन वर्षांखालील मुलाच्या वाट्याला तिच्याकडून मुख्यतः घरी न्यावयाचा शिधाच येतो. शिधा कडेवर घेत नाही.

२०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांवर हक्क सांगितला, तेव्हा दोन्ही राज्यांत केवढा गदारोळ उठला! दर हंगामात तीच सीमा ओलांडणाऱ्या तान्ह्या मुलांवर मात्र अजून कुणी हक्क सांगितलेला नाही.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. प्रत्येक कारखान्याने तोडणी तळावर पाळणाघर चालवावे. तेथील सेविका हंगामभर तीच असावी, आणि रात्रीच्या भरणीलाही ते उघडे असावे. मूल सांभाळणाऱ्या आजीला शासनाने सांभाळकर्ती म्हणून मानावे आणि तिच्या हाती काही ठेवावे. तान्हे मूल असलेल्या बाईची उचल फेडण्यास एक हंगामाची सवलत मिळावी. यांत शास्त्राला नाकारण्याजोगे काही नाही आणि संस्कृतीला लाजण्याजोगेही काही नाही. साखर गोड करून घेणाऱ्या आम्हां सर्वांवर तिचे हे देणे आहे. ते फिटेपर्यंत जतच्या आईच्या मायेचे मोजमाप करण्याचा आम्हांपैकी कुणालाही अधिकार नाही.